शाळेच्या बिल्ल्यावरचा सूर्य आणि देवघरातला षट्कोन

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरी यजमान, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. गेल्या वर्षभरात यजमानांना ‘चिन्हांमागची गुप्त शक्ती’ उलगडून दाखवणाऱ्या व्हिडिओंचा नाद लागला. सुरुवात व्हिक्सच्या डबीपासून झाली. कंपनीच्या चिन्हात सैतान आहे म्हणून डबी कचऱ्यात गेली, पाठोपाठ टाइडही गेलं. मग त्यांची नजर देवघरातल्या तांब्याच्या गणेशयंत्राकडे वळली. त्यातला षट्कोन ‘परदेशी गुप्त संघटनेचा तारा’ असल्याने यंत्र विसर्जित करायचं, असं त्यांचं म्हणणं. यंत्र सासूबाईंच्या माहेरचं, त्यामुळे त्या दुखावल्या आहेत. आता पाळी मुलाच्या शाळेची आली आहे. शाळा येशूसंघाच्या (जेझुइट) फादरांची, बिल्ल्यावर किरणांचा सूर्य आणि त्यात आय-एच-एस ही तीन अक्षरं. ही अक्षरं म्हणजे आयसिस, होरस आणि सेब हे इजिप्तचे देव असून मुलावर रोज त्यांचा प्रभाव पडतो, तेव्हा दाखला काढायचा, असं ठरू लागलं आहे. एका गृहस्थाने ‘चिन्हशुद्धी’साठी एकवीस हजार सांगितले आहेत. ताईंनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचं खंडन करणारा व्हिडिओ टाकला, नणंदेने त्यावर हसण्याचे इमोजी टाकले, आणि तेव्हापासून यजमान जेवणाच्या ताटावरही बोलत नाहीत. ताई विचारतात: ‘ह्यांना खोटं कसं पाडू? की घरात शांतता राहावी म्हणून म्हणतील तसं करू? आणि खरं सांगायचं तर कधी कधी मलाच वाटतं, खरंच काही असेल तर?’

नमस्कार ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही जरा लाजत लिहिलाय, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. चिन्हांमध्ये काहीच नसतं, असं मी म्हणणार नाही. चिन्ह अर्थासाठीच काढतात. गुप्त संघटना होत्या, आजही आहेत, आणि त्यांची चिन्हंही आहेत. मुंबईत फोर्टमध्ये फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या मंडळींचा हॉल आहे. भारतीय लोकांना सामावून घेणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे त्यांचं लॉज, म्हणजे शाखा, मुंबईत १८४३ साली निघालं. उत्तरेकडे अशा हॉलना लोक चक्क ‘जादूघर’ म्हणत. त्यांचं मुख्य चिन्ह मात्र गवंड्याची हत्यारं आहेत, गुण्या आणि कंपास, आणि ते इमारतीवर ठळकपणे लावलेलं असतं. गुप्त असायची ती एकमेकांना ओळखण्याची खूण आणि विधी. तंत्रमार्गाचंही तसंच आहे. यंत्राची आकृती सर्रास छापली जाते. दीक्षा आणि मंत्र गुरूकडून मिळतो, राखून ठेवतात तो हाच भाग. म्हणजे ज्यांच्याकडे खरोखर गुपित होतं त्यांनी ते चित्रात लपवून भिंतीवर टांगलं नाही.

यजमानांना बिल्ल्यावरची अक्षरं खटकली यात गैर काही नाही. रोज दिसणारी, अर्थ न कळणारी तीन अक्षरं कुतूहल जागवणारच. शाळेच्या डायरीत त्यांचा खुलासा नसेल, तर ती शाळेचीही कसर आहे. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. चुकतो तो त्यापुढचा धागा, आणि तो नेमका कुठे तुटतो ते दाखवता येतं.

अक्षरांपासून सुरू करू. येशूचं नाव ग्रीक लिपीत लिहिलं की पहिली तीन अक्षरं येतात आयोटा, ईटा आणि सिग्मा. मोठ्या लिपीतला ईटा हुबेहूब रोमन एचसारखा दिसतो. जुन्या हस्तलिखितांत पवित्र नावं अशीच आखडून लिहीत. लॅटिन लिहिणाऱ्यांनी सिग्माच्या जागी एस घातला आणि आय-एच-एस तयार झालं. त्याभोवती सूर्यकिरण घालून ते घराघरांत नेलं सिएनाच्या बर्नार्डिनो नावाच्या प्रवचनकाराने, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला. प्रवचनाच्या शेवटी तो ही पाटी उंच धरायचा. गंमत म्हणजे तेव्हाही काही लोकांना ते संशयास्पदच वाटलं. ही मूर्तिपूजा आहे, पाखंड आहे, अशा तक्रारी थेट पोपपर्यंत गेल्या, १४२७ च्या सुमारास त्याला रोमला जाऊन उत्तर द्यावं लागलं आणि तो निर्दोष सुटला. येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० साली. त्यांनी हीच मुद्रा घेतली, एचवर क्रूस ठेवला आणि खाली तीन खिळे काढले. मुलाच्या बिल्ल्यावर ते खिळे आहेत का, बघा. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकाच्या दर्शनी भिंतीवर, अगदी वर, हीच अक्षरं कोरलेली आहेत. त्या चर्चचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. (याच संघातले फादर स्टीफन्स. गोव्यात राहून त्यांनी मराठीत ओवीबद्ध पुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. यजमानांना भाषेचा अभिमान असेल तर ही माहिती कधीतरी सहज कानावर घाला, वादाच्या भरात नको.)

आता आयसिस, होरस, सेब. ही फोड इजिप्तमधून आलेली नाही. अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅथलिक चर्चवर टीका करताना ती वापरली. एका ख्रिस्ती पंथाने दुसऱ्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध उपसलेलं हे शस्त्र, दीडेकशे वर्षांनी कुठल्याशा व्हिडिओतून तुमच्या जेवणघरात येऊन पडलं. शिवाय ती फोड तिच्याच अटींवर टिकत नाही. आयसिस हे नावाचं ग्रीक रूप आहे. इजिप्तच्या भाषेत ती असेत. होरस म्हणजे हेरू. आणि ‘सेब’ हे तर त्या काळच्या अभ्यासकांचं चुकीचं वाचन होतं. पुढे ते गेब असं सुधारलं गेलं. म्हणजे मूळ नावांची आद्याक्षरं घेतली तर आय आणि एस दोन्ही गळून पडतात. आणखी एक. आई, मूल आणि बाप असं इजिप्तचं त्रिकूट सांगायचं तर बाप ओसायरिस हवा. गेब हा आयसिसचाच बाप. पण ओसायरिस घेतला की एस मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा बसवावा लागला.

चिन्हाकडे बघताना उपयोगी पडणारा प्रश्न यातूनच हाती लागतो: चिन्ह आधीचं की त्याला चिकटवलेला अर्थ आधीचा? दोन्हींची जुन्यात जुनी तारीख शोधायची. अर्थ चिन्हाहून तरुण निघाला, तर चिन्ह काढणाऱ्याने तो त्यात लपवलेला असूच शकत नाही. व्हिडिओंमधले निम्म्याहून जास्त दावे या एका चाळणीतच गळतात. उलटा पंचकोनी तारा म्हणजे सैतान, हा अर्थ गूढविद्येवर लिहिणाऱ्या फ्रान्सच्या एलिफस लेव्हीने १८५० च्या दशकात रूढ केला. त्याआधीची कित्येक शतकं युरोपात पंचकोनी तारा ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणूनही चालत होता. तेव्हा मध्ययुगीन चर्चच्या खिडकीतल्या ताऱ्यावर लेव्हीचा अर्थ लादता येत नाही. डॉलरच्या नोटेवरच्या पिरॅमिडमधला डोळा घ्या. अमेरिकेच्या राजमुद्रेत तो १७८२ साली मंजूर झाला. फ्रीमेसनांच्या पुस्तकात त्याचा ठळक वापर दिसतो तो १७९७ चा, पंधरा वर्षांनंतरचा. ज्या इल्युमिनाटीचं नाव सतत घेतलं जातं ती संघटना जर्मनीतल्या बव्हेरियात १७७६ मध्ये निघाली, दहा वर्षांच्या आत तिथल्या राज्यकर्त्याने बंदी घालून मोडून काढली, आणि तिची खूण होती घुबड, ज्ञानदेवता मिनर्व्हाचं.

षट्कोनाचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंचे अर्थ खरे आहेत. वर टोक असलेला त्रिकोण शिवाचा किंवा अग्नीचा, खाली टोक असलेला शक्तीचा किंवा जलाचा. दोन्ही एकमेकांत गुंफले की षट्कोन. गणेशयंत्रात तो असतो, कार्तिकेयाच्या उपासनेत असतो, अनाहत चक्राच्या आकृतीत असतो. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावरही तो जडवलेला आहे, नक्षी म्हणून. यहुदी समाजाचा तो सर्वमान्य तारा झाला बऱ्याच उशिरा. प्रागच्या यहुद्यांच्या निशाणावर तो १३५४ पासून आल्याचं सांगतात, बासेलच्या झायनवादी (यहुद्यांना स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्यांच्या) अधिवेशनाने तो १८९७ मध्ये घेतला आणि इस्रायलच्या झेंड्यावर तो १९४८ साली आला. आपल्याकडे रायगडातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायल कुटुंबांना, ज्यांना गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणत, तो परका वाटत नाही. भायखळ्याच्या सिनेगॉगमध्ये जाऊन तो बघता येतो. दोन समभुज त्रिकोण एकमेकांवर ठेवले की ही आकृती होतेच. कंपासपेटी हातात असलेल्या कुठल्याही माणसाला ती स्वतंत्रपणे सुचेल. आकार सारखा म्हणून नातं सिद्ध होत नाही, नाहीतर दोन डोक्यांच्या गरुडामुळे कर्नाटक सरकार, रशिया आणि फ्रीमेसनांची एक शाखा असे तिघे भाऊ ठरतील.

आणि यजमानांना भीती वाटावी असं काही आपल्याच मातीत हवं असेल, तर कोकणातली गद्धेगाळ आहे. शिलाहार काळापासूनच्या दानाच्या शिळा त्या. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं अश्लील शिल्प. अनेक गावांत लोक तिला करणीचा दगड समजतात, शेंदूर फासतात, वाट वाकडी करून जातात. प्रत्यक्षात ती जाहीर नोटीस आहे: हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालायचं, जो मोडेल त्याच्या घराण्याला ही शिवी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून शिवी चित्रात काढली. देवळाच्या दारावरचं कीर्तिमुखही असंच, विक्राळ दिसतं आणि राखण करतं. भयंकर दिसणारी चिन्हं बहुतेक वेळा बजावण्यासाठी असतात, आणि बजावायचं ते उघडच असावं लागतं.

आकड्यांचाही एक खेळ असतो, तो यजमानांना नक्की माहीत असेल. ए म्हणजे ६, बी म्हणजे १२, सी म्हणजे १८, असं प्रत्येक अक्षराला सहाच्या पाढ्यातला आकडा देतात आणि ‘कॉम्प्युटर’च्या इंग्रजी स्पेलिंगची बेरीज करतात. ती बरोबर ६६६ येते, बायबलमुळे सैतानाशी जोडला जाणारा आकडा. आता त्याच रीतीने सरस्वतीचं नाव इंग्रजीत लिहून बेरीज करा, एस, ए, आर, ए, एस, डब्ल्यू, ए, टी, आय. अक्षरांचे अनुक्रमांक १९, १, १८, १, १९, २३, १, २०, ९. बेरीज १११, गुणिले सहा, ६६६. डब्ल्यूऐवजी व्ही लिहिलात तर ६६० येतात आणि शारदा पुन्हा निर्दोष होते. ज्याची अनुक्रमांकांची बेरीज १११ भरते असा कुठलाही शब्द या जाळ्यात सापडतो. हा खेळ मुलाला करू द्या. सातवीच्या मुलाला तो दहा मिनिटांत जमतो आणि हसतखेळत होतो. फक्त वडिलांना हरवण्यासाठी तो त्याच्या हाती देऊ नका.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ: ऐकावं की खोटं पाडावं? तुम्ही दोनच वाटा धरल्या आहेत, आणि दोन्ही तुम्हाला जिथे जायचं तिथे नेत नाहीत.

ऐकून घेतलं तर काय होतं, ते व्हिक्सच्या डबीनेच दाखवलंय. व्हिक्स आणि टाइड ज्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचे, त्या कंपनीचं जुनं चिन्ह म्हणजे चंद्राचा दाढीवाला चेहरा आणि तेरा तारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या मेणबत्त्यांच्या खोक्यांवर तारेचंद्र येत होते. तेरा तारे म्हणजे अमेरिकेच्या मूळ तेरा वसाहती. १९८० च्या सुमारास तिकडे अफवा उठली की दाढीच्या वळणांत आरशात बघितलं तर ६६६ दिसतात, आणि कंपनीच्या अध्यक्षाने टीव्हीवर येऊन सैतानाला नफ्याचा वाटा देतो असं कबूल केलंय. असा कार्यक्रम झालाच नव्हता. कंपनीने खुलासे छापले, धर्मगुरूंची पत्रं मिळवली, खटले भरले. शेवटी १९८५ मध्ये वेष्टनांवरून चिन्ह काढून टाकायचं जाहीर केलं, १९९१ मध्ये दाढीची वळणंही सरळ केली. अफवा थांबली का? उलट ‘बघा, पकडले गेले म्हणून काढलं’ असा नवा पुरावा लोकांना मिळाला. १९९५ मध्ये ती एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या वितरकांमध्ये पुन्हा फिरली, आणि त्या प्रकरणात २००७ साली अमेरिकेतल्या ज्यूरीने चार माजी वितरकांविरुद्ध १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. चिन्ह काढलं म्हणून संशय गेला नाही. डबी गेल्यावर तुमच्या घरी यंत्राचा नंबर लागला, मग शाळेचा, आणि नव्या शाळेच्या बिल्ल्यावरही काहीतरी असेलच, मशाल, कमळ, पुस्तक किंवा सूर्य.

खोटं पाडण्याची वाटही तुम्ही चालून बघितलीच आहे. ग्रुपवरच्या त्या व्हिडिओतली माहिती कितीही खरी असो, बायको, बहीण आणि अख्खं घराणं बघत असताना कोण मत बदलेल? तो व्हिडिओ काढून टाका. नणंदेला एकटीला फोन करून सांगा की या विषयावर आता चेष्टा नको. मग यजमानांना एकदाच, थोडक्यात म्हणा, ‘सगळ्यांसमोर टाकायला नको होतं.’ त्यांचं म्हणणं पटलं, असं म्हणायची गरज नाही.

त्यानंतर एक वेळ ठरवा, रात्रीची नको. रविवारी सकाळचा चहा झाल्यावर बसा. सगळी चिन्हं एकदम काढू नका, एकच घ्या. मी म्हणेन शाळेचा बिल्ला घ्या, कारण त्यावरचा निर्णय सगळ्यांत महाग आहे आणि माहिती सगळ्यांत सोपी. बसण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: काय सापडलं तर माझं मत बदलेल? हे आधी लिहिणं फार महत्त्वाचं, नाहीतर पुरावा समोर आल्यावर अट बदलते. तुमच्या कागदावरही खरंखुरं काहीतरी हवं. उदाहरणार्थ, शाळा मुलांना पालकांना न विचारता धर्मशिक्षण देते असं निघालं, तर मी शाळा बदलायला तयार आहे.

मग तपास. बिल्ल्याचा फोटो तुम्ही स्वतः काढा, सरळ समोरून, दिवसाच्या उजेडात. व्हिडिओतलं चित्र वापरू नका. तिथे चार युक्त्या हमखास असतात: चित्र फिरवलेलं असतं, आरशात उलटं केलेलं असतं, कडेचा भाग कापलेला असतो किंवा वरून लाल रेघ ओढलेली असते. लाल रेघ एकदा दिसली की मेंदू ती पुसू शकत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे बटर पेपर. फोटोवर ठेवून सगळ्या रेषा गिरवा, व्हिडिओवाल्याने सोडलेल्यासुद्धा. मग त्याने सांगितलेली आकृती त्यात शोधा आणि तिच्यासाठी किती रेषा वापरल्या, किती टाकल्या, ते मोजा. टाकलेल्या रेषा वापरलेल्यांहून जास्त असतील, तर आकृती चित्रात नाही, निवडीत आहे. कॅमेऱ्याच्या जागेचंही भान ठेवा. व्हॅटिकनचं १९७१ चं सभागृह सापाच्या डोक्यासारखं आहे, असं दाखवणारे फोटो फिरतात. रुंद भिंगाचा कॅमेरा, ठरावीक जागा आणि दोन्ही बाजूंच्या लांबट गोल खिडक्या एकाच चौकटीत आल्या की तो साप होतो. चार पावलं सरकलं की नुसत्या खिडक्या उरतात.

पुढे तारखा: बिल्ला कधीचा, मुद्रा कधीची, आरोप कधीचा. शाळेची डायरी, माहितीपत्रक, वर्धापनदिनाची स्मरणिका बघा आणि मुख्याध्यापकांना पाच ओळींचं पत्र लिहून बिल्ल्याचा अर्थ विचारा. दोघांच्या सह्यांनी लिहा. कंपनीचं चिन्ह असेल तर भारताच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क शोध घेता येतो, नावाने किंवा चित्राच्या व्हिएन्ना कोडने. या पद्धतीत चित्रांचे २९ वर्ग आहेत. पहिला वर्ग सूर्य, चंद्र, ताऱ्यांचा आणि चौथा चक्क अलौकिक आणि काल्पनिक प्राण्यांचा. नोंदीत अर्थ सापडत नाही, पण अर्जदार कोण आणि चिन्ह कधीपासून वापरात आहे ते सापडतं, आणि बऱ्याच कहाण्या मोडायला तेवढं पुरतं. देवळातल्या शिल्पाबद्दल शंका असेल तर पुजारी, पुरातत्त्व खात्याचा फलक आणि मूर्तिशास्त्र शिकवणारा प्राध्यापक, या तिघांना वेगवेगळं विचारावं. उत्तरं जुळली नाहीत तरी बिघडत नाही. एकाच शिल्पाचे दोन अर्थ परंपरेत नांदू शकतात.

या सगळ्यातून यजमान ‘बरोबर आहे तुझं’ म्हणतील, अशी अपेक्षा धरू नका. म्हणणार नाहीत. बहुधा ते बिल्ल्यावरून उडी मारून दुसऱ्या चिन्हावर जातील. तेव्हा त्यांना न टोकता एवढंच म्हणा, ‘ते पुढच्या रविवारी, आज हे पूर्ण करू.’ हे वरवर किरकोळ वाटेल, पण व्हिडिओंचा जोर असतो तो पाऊण तासात चाळीस चिन्हं दाखवण्यात. एकेक घेतलं की तो जोर उरत नाही.

मत त्यांचं त्यांच्याकडे राहो. घरातल्या निर्णयांना मात्र कुंपण हवं, आणि इथे नमतं घेऊ नका. जे परत फिरवता येत नाही ते चिन्हाच्या कारणावरून तीन महिने करायचं नाही. यात तीन गोष्टी येतात: दाखला, यंत्र आणि पैसे.

शाळा सोडल्याचा दाखला एकदा काढला की त्याच शाळेत पुन्हा जागा मिळेलच याची हमी नसते, आणि वर्षाच्या मध्यात दुसरी शाळा शोधणं म्हणजे मुलाच्या डोक्यावर आपलं भांडण ठेवणं. धर्माबद्दलची खरी काळजी असेल तर त्यासाठी संविधान आहे. कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मुख्याध्यापकांच्या पत्रात हाही प्रश्न घाला: कॅथलिक मुलांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला इतर मुलं काय करतात? लेखी उत्तर आलं की यजमानांच्या काळजीला हातात धरण्यासारखं काहीतरी मिळेल.

यंत्र सासूबाईंचं आहे. ते देवघरात ठेवायचं की नाही, हे त्या ठरवतील, तुम्हीही नाही आणि यजमानही नाहीत. यजमानांना ते समोर नकोच असेल तर सासूबाईंच्या खोलीत छोटा पाट मांडून तिथे पूजा करता येईल. हा तह आहे, विसर्जन नव्हे, हे दोघांनाही आधीच सांगून टाका, नाहीतर महिन्याभराने पाटावरूनही भांडण होईल.

पैशांबद्दल. त्या ‘चिन्हशुद्धी’वाल्याला आगाऊ काही देऊ नका आणि फोनवर होकारही देऊ नका. त्याच्याकडे लेखी मागा: नेमकं काय करणार, कोणत्या वस्तूंवर, फरक पडला नाही तर पैसे परत मिळतील का, पावती कोणाच्या नावाने. बहुतेक मंडळी इथेच गळतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात वास्तू किंवा ज्योतिषाचा नुसता सल्ला गुन्हा ठरत नाही, त्यामुळे उगाच त्या कायद्याची धमकी देऊ नका. पण अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून, चमत्काराच्या नावाखाली कोणी फसवत असेल, पैसे उकळत असेल, तर तो त्यात बसतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. पोलिस ठाण्यात या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेला असतो, तक्रार त्याच्याकडे करायची. त्या गृहस्थाचे मेसेज आणि आवाजी निरोप पुसू नका.

अशीच पत्रं आणखीही येतात, त्यातली काही शाळांच्या आणि देवस्थानांच्या विश्वस्तांची असतात: आमच्या चिन्हाबद्दल कुजबुज सुरू आहे, बदलावं का? घाईने बदलू नका, कारण वर सांगितलंच आहे. चिन्ह कोणी काढलं, कोणत्या साली ठरावात आलं आणि प्रत्येक भागाचा अर्थ काय, एवढं अर्ध्या पानात लिहून दर्शनी भागात लावा आणि डायरीत छापा. कुजबूज सुरू व्हायच्या आधी लावलेलं हे अर्धं पान उपयोगी पडतं. आरोप झाल्यावर लावलं तर बचाव वाटतो.

राहिला मुलगा. त्याला वडील आणि शाळा यांत निवड करायला लावू नका. ‘बाबांना या चिन्हाबद्दल शंका आहे, आम्ही दोघं मिळून शोधतोय’ एवढं त्याला पुरे. शाळेत तो बिल्ला लावताना कचरत असेल, तर वर्गशिक्षकांना एक शब्द टाकून ठेवा.

आणि एक गोष्ट, जी पत्रावरून ठरवता येत नाही, ती तुम्हीच बघायची आहे. पुष्कळ माणसं रात्री असे व्हिडिओ बघतात आणि सकाळी कामाला जातात. त्याला नाद म्हणतात, आजार नव्हे. पण ही चिन्हं खास माझ्यासाठीच संदेश देत आहेत असं ते म्हणू लागले, सलग काही रात्री झोप लागली नाही, घरच्या अन्नावर किंवा तुमच्यावरच संशय येऊ लागला, कामावर जाणं सुटलं, तर मात्र चिन्हांवरची चर्चा तिथेच थांबवा. अशा वेळी बटर पेपरचा उपयोग होत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं, आणि ‘तुम्हाला वेड लागलंय’ असं न म्हणता ‘झोप लागत नाही, त्यासाठी जाऊ’ म्हणून नेता येतं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. त्यावर फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता, त्यासाठी यजमानांना विचारायची गरज नाही.